सुगरणीचं झाड आणि बिनपगारी सर्व्हे

सर्व्हे म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सेकंड इयरचं रणरणतं ऊन, डुगडुगणारा ट्रायपॉड, लेव्हलिंग स्टाफ धरून तासभर उभा केलेला ग्रुपमधला सगळ्यात गरीब मुलगा आणि रीडिंग जुळत नाहीत म्हणून रात्री हॉस्टेलवर बसून ‘जुळवलेलं’ फील्डबुक. (हे पान स्टाफही वाचतो, त्यामुळे ‘जुळवलेलं’ म्हणजे काय ते मी इथे समजावत बसत नाही.)

ज्यांच्याबद्दल मी लिहिणार आहे त्यांनीही आयुष्यभर सर्व्हेच केले. जमिनीचे नाही, पक्ष्यांचे. आणि त्यांच्या मोठ्या कामाची सुरुवात झाली ती आपल्याच रायगड जिल्ह्यात, नोकरी गेल्यामुळे रिकाम्या पडलेल्या एका पावसाळ्यात. डॉ. सलीम अली.

नाव सगळ्यांना माहीत असतं. जीकेच्या पुस्तकात ‘भारताचे पक्षीपुरुष कोण?’ असा एक मार्काचा प्रश्न असतो आणि आपण उत्तर पाठ करून पुढे जातो. मीही तेच केलं होतं. मग मागच्या वर्षी आम्ही काही जण फणसाडला गेलो. पेणहून मुंबईकडे निघालं की कर्नाळ्याचं अभयारण्य लागतं आणि रोह्याहून समुद्राकडे निघालं की फणसाडचं. कर्नाळा १९६८चं, फणसाड १९८६चं. फणसाडचं रान मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं आहे. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं जंगल होतं. आत शेकरू दिसतं, गारंबीचे अजगरासारखे जाडजूड वेल झाडांवरून लोंबतात आणि उन्हाळ्यातही न आटणारे पाणवठे आहेत, त्यांना तिथे गाण म्हणतात. आमच्याबरोबर आलेल्या दादांनी पक्ष्यांची छापील यादी हातात दिली आणि दिसेल त्याच्यापुढे टिक करा म्हणाले. दोन तासांत माझ्या सात टिका झाल्या, त्यातले दोन कावळे. पण ती यादी बघताना मनात आलं, हे सगळं पहिल्यांदा कोणीतरी बसून लिहिलं असेल ना? एखाद्या जंगलात काय काय आहे हे ठरवायचं कसं, याची काहीतरी पद्धत असेल! ती शोधता शोधता मी सलीम अलींपर्यंत पोचले.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ला मुंबईत झाला. भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामींनी सगळ्या भावंडांना सांभाळलं. घर गिरगावात खेतवाडीला. शाळा मिशनऱ्यांची, आणि सुरुवातीला तर चक्क मुलींची! बहिणी तिथे जायच्या म्हणून यांनाही तिथेच घातलं. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला हे वाचून उगाचच जवळचं वाटलं.)

दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. हल्ली असं लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हाच्या सुखवस्तू घरांत मुलांचा तो खेळच होता. पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. ही कुठली आणि खायला चालते का, असा प्रश्न पडला. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मेंबर होते. त्यांनी मुलाला चिठ्ठी देऊन तिथल्या सेक्रेटरींकडे, मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. साहेब ओरडतील म्हणून मुलगा घाबरत गेला. साहेबांनी चिमणी ओळखून दिली, ती पीतकंठी चिमणी होती. मग त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकंही दिली. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलासाठी थोडा वेळ काढला, एवढीच गोष्ट.

अभ्यासाच्या बाबतीत मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणांना दिलासा मिळेल. तेराव्या वर्षापासून डोकेदुखी मागे लागली, शाळा सारखी बुडायची. कोरडी हवा मानवेल म्हणून सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवलं. १९१३मध्ये मॅट्रिक झाले ते कसेबसे. सेंट झेवियर्समध्ये पहिलं वर्ष जड गेलं आणि कॉलेज सुटलं. घरच्यांचा ब्रह्मदेशात तव्हॉयला वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता, तिकडे रवानगी झाली. आजूबाजूला घनदाट जंगल! धंदा कमी आणि पक्षी जास्त असा प्रकार झाला. १९१७ला परत आले, दावर्स कॉलेजात कॉमर्स शिकायला लागले. सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटरनी या मुलाचा खरा ओढा ओळखला आणि झूऑलॉजीही कर म्हणाले. म्हणून सकाळी अकाउंट्स आणि मग प्राणिशास्त्र, अशी दुहेरी शिफ्ट. युनिव्हर्सिटीची डिग्री मात्र शेवटपर्यंत घेतली नाही. पुढे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, ती डिग्री नाही म्हणून हुकली.

१९१८च्या डिसेंबरात तेहमीनाशी लग्न झालं. १९२६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) महिना साडेतीनशे रुपयांवर गाइड लेक्चररची नोकरी लागली. आलेल्या लोकांना प्राणी-पक्ष्यांची दालनं समजावून सांगायची. दोन वर्षांत कंटाळा आला. मग अभ्यासासाठी रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या म्युझियममध्ये अर्विन स्ट्रेसेमान नावाचे मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते, त्यांच्या हाताखाली शिकले. १९३०मध्ये सगळं शिकून, नव्या दमाने परत आले, तर म्युझियमने पैसे नाहीत म्हणून ती पोस्टच रद्द केलेली!

वय ३३, बायको बरोबर, परदेशी ट्रेनिंग घेतलेलं आणि नोकरी नाही. कॅम्पसला तीन कंपन्यांनी नाकारल्यावर आपली काय अवस्था होते ते आठवा. मुंबईत राहणं परवडेना, तेव्हा दोघं किहीमला आली.

किहीम आपल्याला नवीन नाही. वडखळ नाक्यावरून अलिबागचा रस्ता धरायचा, पोयनाड, कार्लेखिंड, मग उजवीकडे वळून चोंढी आणि पुढे किहीम. तय्यबजी मंडळींची सुट्टीत राहायची घरं तिथे समुद्राजवळ होती. लहानपणापासून सलीम अली तिथे यायचे. या वेळी मात्र सुट्टी नव्हती. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती, आणि पावसाळा सुरू झाल्यावर त्यांची घरटी बांधायची धांदल उडाली. सलीम अलींकडे दुसरं काम नव्हतं. जवळ उंच आडोसा उभारला आणि त्यात लपून बसून ते बघायला लागले. रोज, तासन्‌तास, पावसाळ्याचे महिनेच्या महिने. कोण येतं, कोण जातं, कुठलं घरटं कोणी सुरू केलं, त्यात कोण राहायला आलं, सगळं वहीत.

आता इथे थोडं थांबून सुगरणीबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण आपल्या कोर्सला हिच्यापेक्षा चांगली साइट व्हिजिट नाही. मराठीत आपण ‘सुगरण’ म्हणतो, म्हणजे बाईमाणूस. बहिणाबाईंच्या खोप्यावरच्या कवितेतही पिल्लांसाठी घरटं टांगणारी ‘ती’च आहे. माझी आजी ती कविता म्हणायची, त्यामुळे मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात बांधणारा असतो नर! विणीच्या दिवसांत त्याचं डोकं आणि छाती पिवळीजर्द होते. भाताच्या पातीला किंवा जाड गवताला चोचीने चीर पाडायची आणि उडत उडत लांबच लांब धागा सोलून काढायचा. असे शेकडो धागे आणून विणत राहतो. आधी फांदीला पक्की गाठ, मग एक कडं, मग कड्यावर छप्पर. आठेक दिवसांत घरटं हेल्मेटसारखं दिसायला लागतं. इथे हा पठ्ठ्या काम थांबवतो! आत अंडी ठेवायची खोली आहे, पण खाली उतरणारी नळी अजून नाही.

आणि मग येतात माद्या. घोळक्याने येतात आणि अर्धवट घरटी आतून बाहेरून तपासतात. नर पंख फडफडवून, ओरडून आपलं काम दाखवत असतो. मादीला पसंत पडलं नाही तर ती सरळ पुढच्याकडे जाते. (सबमिशनच्या दिवशी सरांच्या केबिनबाहेर उभे राहिलेले आपण!) पसंत पडलं तर ती आत राहायला येते, आणि मगच नर पुढचं बांधकाम करतो, खोली बंद करतो, नळी विणतो. सगळं मिळून साधारण १८ दिवस. यापुढचं जे सलीम अलींनी टिपलं ते नवीन होतं. मादी अंड्यांवर बसली की हा गृहस्थ तिथे थांबत नाही, दुसरं घरटं सुरू करतो आणि दुसऱ्या मादीसाठी तोच सगळा कार्यक्रम पुन्हा. म्हणजे एका हंगामात, एकापाठोपाठ एक, याचे अनेक संसार. झाडावर नुसती हेल्मेटं लटकलेली दिसतात ती का, याचाही उलगडा त्यातच झाला. ज्यांना मादीने पसंती दिली नाही ती घरटी तशीच राहतात. १९३१मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये हा पेपर आला आणि पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं. लॅब नाही, ग्रँट नाही, पगार नाही. घराजवळची झाडं, वही आणि भरपूर रिकामा वेळ!

घरट्याच्या आत नर ओल्या मातीचे गोळे चिकटवतो हे खरं आहे. त्या मातीत काजवे खोचून सुगरण घरात दिवे लावते, ही मात्र लोकांनी रचलेली गोष्ट. मला ती लहानपणी फार आवडायची, म्हणून सांगितली. असो.

पेपरने नाव झालं, पण पोट भरत नव्हतं. तेव्हा सलीम अलींनी एक वेगळीच युक्ती काढली. देशात तेव्हा शेकडो संस्थानं होती आणि बहुतेकांच्या जंगलांत कुठले पक्षी आहेत याची नीट नोंद कुठेच नव्हती. त्यांनी प्रस्ताव ठेवला की मी सर्व्हे करतो, मला पगार नको, फक्त तंबू, बैलगाड्या, जेवणखाण असा कॅम्पचा खर्च द्या. पहिलं तयार झालं हैदराबाद, १९३१मध्ये. मग १९३३ला त्रावणकोर-कोचीन, आणि पुढे मध्य भारत, म्हैसूर, कच्छ, असं वर्षानुवर्षं चालू राहिलं.

या सर्व्हेची पद्धत ऐकण्यासारखी आहे. आधी नकाशावर जागा निवडायच्या, त्याही अशा की प्रत्येक ठिकाणचं जंगल वेगळं, उंची वेगळी. प्रत्येक ठिकाणी काही दिवस मुक्काम. उजाडायच्या आत बाहेर पडायचं. दिसलेला, ऐकलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. काही पक्षी मारून आणायचे, दुपारी त्यांची कातडी सोलून, औषध लावून, कापूस भरून नमुना तयार करायचा. पायाला लेबल बांधायचं, त्यावर जागा, तारीख, नर की मादी, मापं. पोट फाडून त्याने काय खाल्लं होतं तेही बघायचं. रात्री कंदिलाच्या उजेडात दिवसभराच्या नोंदी पूर्ण करायच्या, त्या उद्यावर ढकलायच्या नाहीत. (आपलं फील्डबुक पुन्हा एकदा आठवा!) आधीचे बरेचसे साहेब कातडी गोळा करून नाव देण्यापुरतेच थांबायचे. सलीम अलींना जिवंत पक्षी काय करतो यात जास्त रस होता. कुठल्या झाडावर बसतो, केव्हा अंडी घालतो, कुठल्या फुलातला मध पितो आणि त्या बदल्यात त्या फुलाचं काय काम करून जातो. पक्षी आणि फुलं यांच्या या देवाणघेवाणीवर त्यांनी १९३२मध्ये वेगळा लेखच लिहिला.

पक्षी मारण्याबद्दल मला स्वतःला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही. ज्याने आयुष्यभर पक्षी वाचवले त्यानेच हजारो मारले, हे वाचताना खटकतं. तेव्हा आजच्यासारखे कॅमेरे नव्हते, आणि हातात नमुना असल्याशिवाय तुमचं म्हणणं कोणी मान्य करत नव्हतं, हेही खरं. एक उदाहरण देते. भृंगराज नावाचा काळा पक्षी आहे, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसाची वाटोळी रॅकेट. आपल्या कोकणातल्या रानांतही तो आहे. ह्यू व्हिसलर नावाच्या मोठ्या इंग्रज तज्ज्ञांनी लिहिलं होतं की त्या रॅकेटला आतल्या बाजूचे तंतू नसतात. जुन्या पुस्तकांतून तीच चूक पुढे चालत आली होती. सलीम अलींनी दाखवून दिलं की पिसाच्या दांडीला पीळ पडलेला असतो, त्यामुळे आतली बाजू बाहेरची वाटते! कोण कुठला अनोळखी हिंदी माणूस आपली चूक काढतो म्हणून व्हिसलर आधी भडकले. नंतर मात्र ते सलीम अलींचे जवळचे मित्र झाले आणि सर्व्हेच्या कामात त्यांनी खूप मदत केली. हातात पीस धरून बघितल्याशिवाय तो पीळ कसा दिसला असता?

या सगळ्या वर्षांत तेहमीना बरोबर होत्या. शहरात, सुखात वाढलेली बाई. पण जंगलातले तंबू, बैलगाड्या, चिखल, डास यात नवऱ्याबरोबर फिरल्या. कॅम्प त्या सांभाळायच्या, आणि नवऱ्याचं इंग्रजी लिखाण सुधारायलाही त्यांची मदत व्हायची. पगाराची नोकरी शोधत बसू नकोस, जे आवडतं ते कर, असा त्यांचाच आग्रह असायचा. पेपरवर नाव एकाचंच असतं, पण हैदराबाद आणि त्रावणकोरच्या सर्व्हेत निम्मा वाटा त्यांचा धरायला हरकत नाही. १९३९मध्ये एका छोट्या ऑपरेशननंतर त्या वारल्या. सलीम अली तेव्हा ४२ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण आणि मेहुण्यांकडे राहायला गेले आणि स्वतःला कामात गाडून घेतलं.

त्यानंतरचं बरंचसं सगळीकडे लिहिलेलं आहे, म्हणून भराभर सांगते. १९४१ला ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आलं, साध्या माणसाला पक्षी ओळखता यावेत म्हणून रंगीत चित्रांसकट. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १९६८ ते १९७४ या काळात अमेरिकन मित्र डिलन रिप्ली यांच्याबरोबर भारत आणि शेजारच्या देशांतल्या पक्ष्यांची दहा खंडांची हँडबुक. पहिला खंड आला तेव्हा सत्तरी उलटली होती. १९५८ला पद्मभूषण, १९७६ला पद्मविभूषण. त्याच सुमारास ५० हजार डॉलरचं गेटी प्राइझ मिळालं, ते पैसे निसर्गसंवर्धनाच्या फंडासाठी देऊन टाकले. १९८५ला राज्यसभा.

मुलांसाठी खास माहिती. सलीम अली मोटारसायकलचे भयंकर शौकीन होते. ब्रह्मदेशात असताना एनएसयू, मग हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट, अशी मोठी यादी आहे. १९५०मध्ये स्वीडनला उप्सालात पक्षिशास्त्रज्ञांची जागतिक परिषद होती. तेव्हा ५३ वर्षांच्या सलीम अलींनी आपली सनबीम बोटीतून युरोपात नेली आणि तिच्यावरूनच परिषदेला पोचले. वाटेत एक-दोनदा आपटलेही. हा माणूस थेट भारतातून गाडी चालवत आला अशी अफवा तिथे पसरली होती म्हणे!

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्या सर्व्हेंची पुढची गोष्ट. १९३३मध्ये त्रावणकोरला फिरताना पेरियार नदीकाठचं थट्टेकाडचं जंगल त्यांनी पाहिलं आणि तिथल्या पक्ष्यांची नोंद केली. ते जंगल पक्षी अभयारण्य झालं १९८३मध्ये. बरोबर पन्नास वर्षांनी! मधल्या काळात राजे गेले, इंग्रज गेले, राज्यं बदलली, पण त्या जागेत काय आहे हे कागदावर होतं. भरतपूरचं पाणथळ शेतीसाठी जाणार होतं, तेव्हा हेच सलीम अली नेहरूंपर्यंत पोचले आणि ते वाचलं. केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरण होणार होतं, तेव्हा ऐंशी पार केलेला हा माणूस विरोधात उभा राहिला. १९८४ला तिथे नॅशनल पार्क जाहीर झालं. तिथे जंगल सुंदर आहे एवढंच म्हणून कोणी ऐकलं नसतं. काय आहे, किती आहे, दुसरीकडे का नाही, हे सांगावं लागतं. आपण इंजिनियर उद्या याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणार आहोत. पेणला खाडीकाठी कारखाने आहेत, रोह्याला धाटावची एमआयडीसी आहे, रस्ते रुंद होतायत. कुठल्याही मोठ्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये तिथल्या झाडांची आणि प्राण्यांची यादी जोडावी लागते. ती यादी कोणीतरी पहाटे उठून केलेली असते किंवा रात्री हॉस्टेलवर ‘जुळवलेली’ असते.

गोव्याला गेलात तर मांडवीच्या पात्रात चोडण बेटावर खारफुटीचं छोटंसं अभयारण्य आहे, त्याला सलीम अलींचं नाव आहे. एका वटवाघळालाही त्यांचं नाव दिलेलं आहे. २० जून १९८७ला, नव्वदाव्या वर्षी, ते मुंबईत गेले. फणसाड अभयारण्य होऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं.

सुगरणी बघायला फणसाडपर्यंतही जावं लागत नाही. जुलैत वडखळहून पोयनाडकडे जाताना एसटीच्या खिडकीजवळ बसा. भातखाचरांच्या कडेला शिंदीची झाडं आहेत, त्यांवर घरटी लटकलेली दिसतील. नळीवाली किती आणि नुसती हेल्मेटं किती, ते मोजा. मागच्या वेळी माझी सतरा आणि नऊ झाली, मग बस जोरात निघाली.